अजून आदतच हाय

कत्तिरी लागली की सगळ्या चेन्नईच्या कपाळाला आठ्या पडतात आणि मला मात्र हायसं वाटतं. हे मी कुणाला उघडपणे सांगत नाही. नुंगंबाक्कमच्या आमच्या ऑफिसात दुपारी माणसं पिळून टाकलेल्या कपड्यांसारखी खुर्च्यांवर पडलेली असतात; त्यांच्यात जाऊन ‘मला हे दिवस आवडतात’ म्हणणं म्हणजे मार खायची लक्षणं. मे महिन्यातल्या अगदी कडक उन्हाला इथे ‘कत्तिरी वेयिल’ म्हणतात. कत्तिरी म्हणजे कात्री. हे ऊन खरोखरच कातरत जातं. सावली कातरतं, झोप कातरतं, माणसाचा चांगुलपणाही थोडा कातरतं. रस्त्याकडेला ताडगोळ्यांचे ढीग लागतात, घरात ताकाला धरबंध राहत नाही, आणि रिक्षावाल्यांनाही भाड्यावरून भांडायचा कंटाळा येतो.

आम्ही राहतो गिंडीच्या जंगलाला लागून. माझा नवरा श्रीकांत जिथे शिकवतो त्या संस्थेच्या आवारात आमचं क्वार्टर आहे. कुंपण आहे, पण जंगल आवारात केव्हा शिरलं आणि आवार जंगलात केव्हा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चितळं दिसतात. नव्याने आलो तेव्हा मी दर वेळी गॅस बंद करून धावत बाहेर जायची. आता ‘सरका गं बायांनो’ म्हणत त्यांच्यामधून स्कूटर काढते. या दिवसांत विलायती शिरीषाच्या शेंगा गळतात. काळ्या, चिकट, जुन्या गुळाच्या वासाच्या. आज सकाळी खिडकीखाली त्या शेंगा चावल्याचा कडकड आवाज आला आणि मी चहा गाळायचा थांबले. ती कत्तिरी आठवली.

त्या वर्षी आमचा निनाद तेरा पुरी करून चौदाव्यात होता आणि वाढत नव्हता.

आज हे वाक्य इतकं सरळ लिहिता येतं. तेव्हा घरात ते कुणी उच्चारत नव्हतं. दाराच्या चौकटीवर आम्ही दर वाढदिवसाला पेन्सिलने रेघ मारायचो. त्या वर्षीची रेघ आधीच्या वर्षीच्या रेघेला जवळजवळ चिकटून बसली. ‘पेन्सिल बोथट होती,’ असं श्रीकांत म्हणाला. शाळेची पँट शिवताना मी नेहमी पायाशी चार बोटं कापड आत दुमडून ठेवते, वाढत्या अंगाला म्हणून. ती दुमड उसवायची वेळच आली नाही. वर्गातली त्याची मित्रमंडळी एका सुट्टीत माणसाएवढी झाली. दारात येऊन त्यांनी ‘आंटी, निनाद आहे का?’ म्हटलं की मला कुणाचे तरी काका आल्यासारखं वाटायचं. आणि मग आतून आमचं ध्यान बाहेर यायचं, बारीक आवाजाचं, त्यांच्या खांद्याशी येणारं. पुढेपुढे ते बाहेर यायचंच बंद झालं. फुटबॉलचे बूट कपाटाखाली गेले. लिफ्टमध्ये एका बाईंनी त्याला ‘पाचवीत का रे?’ विचारलं, तेव्हापासून तो जिन्याने जायला लागला.

मी इंटरनेटवर वाचत होते आणि वाचू नये ते वाचत होते. मुलं न वाढण्याची कारणं शोधायला गेलं की थायरॉइडपासून सुरुवात होते आणि मेंदूतल्या गाठीपर्यंत आपण कधी पोचलो ते कळत नाही. भाजी चिरताना, मीटिंगमध्ये, सिग्नलला थांबल्यावर माझ्या डोक्यात तेच चाललेलं असायचं. देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं फेडायचं राहिलंय.

अशात माझे वडील आले. करमाळ्याकडचे आमचे आबा. शेतकरी, पण पंचक्रोशीत नाव ते बैल पारखण्यासाठी. बाजारात जोडी घ्यायची तर माणसं आबांना चहा पाजून बरोबर न्यायची. बैलाचा जबडा उघडून ते वय सांगायचे. दुधाचे दात तसेच असतील तर तो आदत. दोन पक्के दात आले की दुसा. चार आले की चौसा. आणि सगळे दात येऊन ओळ पुरी झाली की जनावर जुळलं. हे शब्द मी लहानपणी पाढ्यांच्या आधी शिकले होते, आणि चेन्नईत येऊन इतकी वर्षं झाल्यावर विसरूनही गेले होते.

आबांनी आल्याआल्या पिशवी खाली ठेवली, नातवाला जवळ घेतलं, मागे सरून डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग त्याची हनुवटी धरून म्हणाले, “आ कर बरं.” निनादने गमतीत तोंड उघडलं. आबांनी आत डोकावलं आणि मोठ्यांदा हसले.

“ह्यो अजून आदतच हाय की गं!”

चेन्नईत वाढलेल्या पोराला आदत म्हटलं की हिंदीतली आदत आठवणार. तो म्हणाला, “कसली आदत? मला कसलीच आदत नाहीये.” आणि मी मूर्खासारखं त्याला अर्थ समजावून दिला. दुधाचे दात न पडलेलं वासरू. माझं बोलणं संपायच्या आत त्याने तोंड मिटलं. ओठ असे घट्ट दाबले की कड पांढरी पडली. मग तो आपल्या खोलीत गेला आणि जेवायलाही आला नाही. आबा माझ्याकडे बघत राहिले. “काय झालं? म्या काय वंगाळ बोललो?” मी म्हटलं, “काही नाही आबा, उन्हाने होतं.” त्या महिन्यात कुठल्याही गोष्टीला हे उत्तर चालायचं.

घरात हे असं, तर बाहेर आबांना आवारातल्या हरणांनी वेड लावलं. गावाकडे माळावर काळविटं पाहिलेला माणूस; पण दारातल्या सायकल स्टँडवर अंग घासणारं चितळ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ऊन उतरलं की ते टोपी घालून निघायचे आणि शिरीषाखालच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसायचे. एकटे चुकतील म्हणून मी निनादला सोबत धाडायची. खरं कारण हे, की तो त्या निमित्ताने तरी घराबाहेर पडावा. तो जायचा, पण बोलायचा नाही. आबा मात्र अखंड बोलायचे. हा चौसा, तो जुळलेला, ती म्हातारी, हे औंदाचं पाडस. बाजार भरल्यासारखं चालायचं.

आणि ते सपशेल चुकत होते.

हे सांगितलं गायत्रीने. गायत्री तिथे हरणांवर अभ्यास करायला येणारी मुलगी. घर अण्णा नगरला, पण घराणं तंजावरकडच्या मराठ्यांचं, पिढ्यानपिढ्या तिकडे मुरलेलं. आजी-आजोबांशी बोलण्यापुरती राहिलेली तिची मराठी ऐकून आबा पहिल्या दिवशी चमकलेच. मराठी शब्द, पण चाल सगळी तमिळची, वाक्य शेवटी वर उचललेलं. आबांना वाटलं, ही पोर गाणं म्हणतेय.

आमच्या खिडकीखाली येणारा एक नर होता. निनादने त्याचं नाव ‘स्टंप’ ठेवलं होतं, कारण बाकीच्या नरांच्या डोक्यावर हातभर फांद्या आणि याच्या डोक्यावर नुसते दोन आखूड खुंट. स्टंपकडे निनाद जास्त बघायचा. का ते मला कळत होतं आणि मी ते कळल्याचं दाखवत नव्हते. आबांनी त्याला पाहिलं आणि निकाल दिला.

“ह्यो खुजा हाय. शिंगं बगा की. ह्याचं आता असंच ऱ्हाणार.”

निनाद पायाने माती उकरायला लागला. गायत्री मात्र वळली. “आजोबा, शिंगं बघून सांगू नका हो. शिंगं बघून अस्के फसतात, सगळेच. हे शिंग पडूनशी जाते. वर्षाला एकदा. मग नवा कोंबु येतो.”

“शिंग पडतं?” आबांचा विश्वास बसेना. “आगं, शिंग मोडतं. पडंल कसं? बैलाचं शिंग कधी पडलंय का?”

इथे आपल्या भाषेनेच आबांना दगा दिला होता. बैलाचं ते शिंग, म्हशीचं ते शिंग, आणि चितळाच्या डोक्यावरची फांदी तीही शिंगच. बैलाचं शिंग जन्माला पुरतं, वर्षं चढतील तसं वाढतं. काळविटाचंही तसंच, पीळ चढत जातो. चितळाचं मात्र दरसाल गळतं आणि मुळापासून नवं येतं. शब्द एकच असल्यामुळे आबा बैलाचा हिशेब चितळाला लावत होते. आणि खरं सांगायचं तर मीही तेच समजत होते. बिनशिंगाचा नर दिसला की वाटायचं, बिचारा, भांडणात मोडलं असेल.

पण ‘कोंबु’ हा शब्द आबांना एकदम पटला. तमिळमध्ये कोंबु म्हणजे शिंग. आबांनी तो ऐकला तो आपला कोंब. “म्हंजे कोंब फुटतो म्हनायचं! मंग बरुबर हाय.” ते उठून जरा पुढे गेले, डोळ्यांवर हात धरून स्टंपकडे पाहिलं. त्या खुंटांवर खरोखरच मऊ लव होती, आत रक्त खेळतंय असं वाटणारी. टोकं गोल, बोथट, कोंबासारखीच. स्टंप खुजा नव्हता. चांगला भरलेला नर होता आणि त्याचं नवं शिंग नुकतं येत होतं.

“मग एज कसं कळतं?” निनादने विचारलं. कित्येक दिवसांत त्याने आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

गायत्रीने त्याला बघायला शिकवलं. बरोबर आबाही शिकले, आणि कधीमधी मी. दात बघायचे तर जनावर मेल्यावर. जित्या हरणाचं अंगच वाचावं लागतं. पाडसाचं तोंड आखूड आणि कान उसने आणल्यासारखे मोठे. वर्षाचं झालं की पाय आधी पुढे जातात, धड मागून येतं. कोवळ्या नराची मान पोरीसारखी बारीक. भरात आलेल्याची मान खांद्याएवढी जाड, तोंडावर काळसर झाक, चालीत मिजास. उतरत्या वयाचा पाठीत वाकतो, पोट खाली येतं, डोळ्यांवर खळगे पडतात, आणि शिंगं पुन्हा बारीक होतात. माद्यांचं सगळ्यात कठीण. तोंडाची लांबी बघायची, अंगाचा भरणा बघायचा, आणि तरी अंदाजच बांधायचा. हे सारं ऐकून घरी आल्यावर मी आरशात स्वतःची मान बघितली आणि दिवा बंद केला.

पलीकडच्या मोकळ्या मैदानात थोडी काळविटंही असायची. आबांना ती सगळी पोरगेली वाटायची, कारण रंग तपकिरी. आमच्याकडच्या माळावरचा जुना नर काजळासारखा काळा. गायत्री म्हणाली, “इथले इतके काळे होतच नाहीत, आजोबा. रंग बघूनशी लहान म्हणू नका. पीळ बघा.” आबा पुटपुटले, “नावात काळं, अन् अंगावर न्हाई. मद्रासचं समदंच उलटं.” पण दुसऱ्या दिवशी ते मान वाकडी करून पीळ मोजताना दिसले. चुकल्याचं त्यांना वाईट वाटत नसे. बाजारातही म्हणे ते चुकायचे, फक्त तिथे कुणी तोंडावर सांगायचं नाही.

एका संध्याकाळी निनादने विचारलेलं मला अजून ऐकू येतं. तो गायत्रीकडे न बघता, शेंग पायाने उडवत म्हणाला, “बाकी सगळ्यांची शिंगं पूर्ण आलीत. याचीच का नाही?”

“पुळ्ळिमान असंच आहे रे,” ती म्हणाली. पुळ्ळिमान म्हणजे चितळ. “यांचं सगळ्यांचं एका वेळी नाही. एकाचं आत्ता पडेल, एकाचं दिवाळीला. ज्याची त्याची वेळ. तू अजून थोडे महिने थांब, बघ कसा होतो ते.”

तिला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. ती हरणाबद्दलच बोलत होती. मी मात्र पदर तोंडाशी नेला आणि खोकल्याचं सोंग केलं.

नुंगंबाक्कमला मुलांच्या वाढीच्या एक डॉक्टरीण बसत. तिकडे जायचं मी टाळत होते, कारण न जाण्यात एक सोय असते; कुणी वाईट सांगत नाही. शेवटी श्रीकांतनेच वेळ घेतली. रक्त तपासून झालं, आणि निनादच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला. तब्येत सोडून हात का बघतात ते मला कळेना. रिपोर्टच्या दिवशी आबाही हट्टाने बरोबर आले. इस्त्रीचा सदरा, कडक टोपी, पायात करकरीत वहाणा. निनाद खिडकीबाहेर बघत होता. डोसा खायला थांबू, असं श्रीकांत दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा मी घड्याळाकडे बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे कागद बाजूला सारले. त्यात काही नव्हतं. गाठ नाही, थायरॉइड नाही, मी रात्रंदिवस वाचलेलं एकही नाही. मग त्यांनी एक्स-रे उजेडावर लावला. निनादचा पंजा, बोटं पसरलेली. हाडांवरून वय कसं सांगतात ते त्यांनी इंग्रजीत सांगितलं. हाडांच्या टोकांशी काळ्या फटी दिसत होत्या. वाढ तिथून होते, आणि वाढ संपली की त्या फटी बुजतात. निनादच्या सगळ्या उघड्या होत्या. चौदाव्यातल्या मुलाच्या हातात साडेअकराची हाडं. म्हणजे वाढ थांबलेली नाही, ती अजून सुरूच व्हायचीय. मग त्यांनी श्रीकांतला विचारलं, तुम्ही स्वतः केव्हा वाढलात?

श्रीकांत खाकरला. “दाढी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आली. होस्टेलवर मला बारक्या म्हणायचे.”

इतकी वर्षं संसार केला, हे मला सांगितलं नव्हतं. एरवी मी तिथेच भांडले असते.

“काय म्हनत्यात बाई?” आबांनी मला कोपराने ढोसलं. ते एक्स-रेकडे टक लावून बघत होते. मला धड शब्द सुचेनात. जे सुचलं ते बोलले. “आबा, हाडं अजून जुळली नाहीत, म्हणतात.”

“जुळली न्हाईत?”

“नाही.”

आबांनी गुडघ्यावर थाप मारली. सगळी खोली दचकली. “मंग म्या पहिल्या दिशी काय सांगितलं? जुळला न्हाई म्हंजे आदतच की!”

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, आजोबा काय म्हणताहेत. करमाळ्याचा बैलबाजार त्यांना इंग्रजीतून कसा समजावणार? मी म्हटलं, तुमच्याशी ते सहमत आहेत.

निनाद खुर्चीत ताठ झाला होता. “आबा,” तो हळूच म्हणाला, “आदत म्हणजे चांगलं असतं?”

“चांगलं?” आबांना प्रश्नच कळेना. “आरं, बाजारात आदताभवती गर्दी असती! जुळलेल्याचं जेवढं व्हायचं तेवढं झालेलं असतंय. आदताचं समदं म्होरं हाय. तुला बगून म्हनून तर हासलो म्या. कौतुकानं हासलो.” मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या लक्षात आलं. “तू काय समजला हुतास रं?”

निनाद आपल्या तळहाताकडे बघत बसला. एक शब्द इतके दिवस आमच्या घरात काट्यासारखा रुतून होता आणि ज्याने तो दिला त्याने तो हारासारखा घातला होता. मी रडले. चारचौघांत, नाक ओढत, अगदी न शोभेल असं रडले. डॉक्टरीणबाईंनी टिश्यूचा खोका पुढे केला. त्यांना सवय असावी.

येताना आम्ही डोसा खाल्ला. निनादने दोन खाल्ले आणि आबांचा अर्धा.

आज निनाद दुसऱ्या गावी कॉलेजात आहे. सुट्टीला आला की स्वयंपाकघराच्या दारात वाकून आत येतो, आणि लॉफ्टवरचे डबे मला न सांगता काढून देतो. वाढ व्हायची ती झाली, थोडी उशिरा आणि मग एकदम, इतकी की एका वर्षात मी तीनदा पँटी शिवल्या. गायत्री अभ्यास संपवून गेली. स्टंपची शिंगं त्या वर्षी पावसाळ्यापर्यंत भरली, सुकली, वरची लव त्याने आमच्याच पारिजातकाला घासून काढली आणि झाड मोडलं. त्यानंतर ती पडली आणि पुन्हा आली. आता बिनशिंगाचा नर दिसला तर मला त्याची कीव येत नाही. लोक कत्तिरीच्या नावाने खडे फोडत असतात, माझ्या मनात मात्र डॉक्टरीणबाईंच्या खोलीतला उजेड आणि त्यावरचा पसरलेला पंजा येतो, आणि ऊन जरा कमी लागतं.

पण मला लिहायचं होतं ते त्याच संध्याकाळचं. दवाखान्यातून परत आल्यावर आबा नेहमीसारखे शिरीषाखालच्या कठड्यावर जाऊन बसले. आपल्या बोलण्याने पोराला लागलं, हे त्यांना खात होतं. पाच-सहा चितळं शेंगा खात होती, स्टंप त्यांत होता. मी ताकाचा तांब्या घेऊन गेले. तेवढ्यात मागून निनाद आला. पायात कपाटाखालचे फुटबॉलचे बूट, त्यांवर वर्षाची धूळ. मैदानाकडे निघाला होता. तो आबांच्या समोर थांबला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला, आणि तोंड सगळं उघडलं.

“आ,” तो म्हणाला. “बघा.”

आबांनी बोटं धोतराला पुसली. त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. खालची ओळ पाहिली, वरची पाहिली, बाजारात पाहत असत तसं, घाई न करता. निनाद तोंड उघडं ठेवूनच काहीतरी घोगरं बोलला. ‘काय भाव?’ असं असावं.

आबांनी त्याच्या मानेवर हात फिरवला. “माल एक नंबर हाय,” ते म्हणाले. “पर ह्यो इकायचा न्हाई.”